पॅट्रिक गेडेस

सर पॅट्रिक गेडेस (२ ऑक्टोबर १८५४, बॅलेटर, स्कॉटलंड – १७ एप्रिल १९३२, माँपेलिए, फ्रान्स) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि नगररचनाकार होते. आधुनिक नगररचनाशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना केली जाते. दाट वस्तीच्या जुन्या शहरांत सरसकट घरे पाडून रुंद व सरळ रस्ते काढण्याच्या तत्कालीन पद्धतीला त्यांनी विरोध केला. त्याऐवजी आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी कमीत कमी पाडकाम करणारा उपचार, असा क्रम त्यांनी सुचवला. १९१४ ते १९२४ या दशकातील त्यांचा बराचसा काळ भारतात गेला. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होते.

जन्म व शिक्षण

गेडेस यांचे वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील एका घरात राहायला गेले. या घराची बाग आणि तेथून दिसणारे नदीचे खोरे यांचा त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटला. शालेय शिक्षणानंतर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. पुढे वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी त्यांनी एडिनबरा विद्यापीठात प्रवेश घेतला. मात्र तेथील शिकवण्याची पद्धत न पटल्याने आठवड्याभरातच ते बाहेर पडले. त्यानंतर लंडनमध्ये त्यांनी थॉमस हेन्री हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केले. औपचारिक पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

१८७८ मध्ये ते फ्रान्समधील रोस्कॉफ येथील सागरी जीवशास्त्र केंद्रात गेले. फ्रान्समधील वास्तव्यात फ्रेडरिक ल प्ले या समाजशास्त्रज्ञाच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. स्थळ, काम आणि कुटुंब या तीन घटकांच्या परस्परसंबंधातून समाज समजून घ्यावा, असे ल प्ले यांचे प्रतिपादन होते. गेडेस यांनी त्यात बदल करून स्थळ, काम आणि लोक ही त्रयी मांडली. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे अवघड झाले आणि त्यांचे लक्ष हळूहळू समाजजीवनाकडे वळले.

एडिनबरामधील कार्य

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एडिनबरातील सुस्थितीतील कुटुंबे तोपर्यंत जुने शहर सोडून नव्या भागात राहायला गेली होती. जुन्या शहरातील उंच दगडी इमारतींत गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. गेडेस दांपत्याने उलटा मार्ग धरला आणि १८८७ मध्ये ते जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या गलिच्छ समजल्या जाणाऱ्या वाड्यात राहायला गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी अंगणे स्वच्छ केली, भिंती रंगवल्या आणि पडक्या जागांत बागा लावल्या. प्रकाश व हवा यावी म्हणून अगदी मोडकळीस आलेली बांधकामे काढून टाकली आणि उरलेली दुरुस्त केली. त्यांच्या पुढील सर्व नगररचनाविचाराचे बीज या अनुभवात होते.

त्याच सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वयंशासित वसतिगृह सुरू केले. रॅम्झे गार्डन हा निवासी प्रकल्पही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. १८९२ मध्ये त्यांनी एडिनबरा किल्ल्याजवळील एक उंच इमारत ताब्यात घेऊन तिचे आउटलुक टॉवर या नावाच्या संग्रहालयात रूपांतर केले. सर्वांत वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्याला प्रथम आपले शहर दिसे. खालच्या मजल्यांवर अनुक्रमे स्कॉटलंड, युरोप आणि जग यांची माहिती मांडलेली असे. नागरिकाने आपले शहर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू होता.

१८८८ पासून १९१९ पर्यंत ते डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. हे अध्यापन वर्षातील एकाच सत्रापुरते असल्याने इतर कामांना त्यांना वेळ मिळत असे. जॉन आर्थर टॉमसन यांच्यासह लिहिलेला त्यांचा लिंगभेदाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

नगररचनेकडे वाटचाल

१९०४ मध्ये डनफर्मलिन या स्कॉटिश गावातील उद्यानाच्या आखणीनिमित्त त्यांनी शहरविकासावर एक विस्तृत अहवाल लिहिला. १९१० मध्ये लंडन येथे भरलेल्या नगररचना प्रदर्शनात त्यांनी एडिनबराची पाहणी मांडली. पुढे त्याच धर्तीवर नकाशे, आराखडे आणि चित्रे यांचे फिरते प्रदर्शन तयार करून त्यांनी ते अनेक शहरांत भरवले. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिटीज इन इव्होल्यूशन' या ग्रंथात त्यांनी वाढत वाढत एकमेकांत मिसळून गेलेल्या शहरांसाठी 'कॉनर्बेशन' हा शब्द वापरला. हा शब्द आज नगररचनाशास्त्रात रूढ आहे.

भारतातील कार्य

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरल्यानंतर १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. अरुंद गल्ल्या आणि दाट वस्ती हे रोगाचे घर आहे, असे मानून वस्त्या पाडणे आणि रुंद रस्ते काढणे हा उपाय तेथे व नंतर इतर शहरांतही अवलंबला जाऊ लागला. घरे गेलेल्या सर्वांना परवडणारी नवी घरे मात्र मिळत नव्हती.

या पार्श्वभूमीवर मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडेस १९१४ मध्ये आपले प्रदर्शन घेऊन भारतात आले. प्रदर्शनाचे साहित्य ज्या जहाजातून येत होते, ते एमडेन या जर्मन युद्धनौकेने ऑक्टोबर १९१४ मध्ये बुडवले. अनेक वर्षांचा संग्रह नष्ट झाला, तरी मित्रांच्या मदतीने त्यांनी नवे साहित्य जमवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रास येथे प्रदर्शन भरवले. त्यानंतर मद्रास व मुंबई इलाख्यांतील गावे, तसेच बडोदा, लखनौ, बलरामपूर, लाहोर, ढाका, इंदूर इत्यादी शहरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. मुंबई इलाख्यातील अहवालांत ठाणे आणि अहमदाबाद यांचा समावेश होता.

या अहवालांतून त्यांनी मांडलेली पद्धत जतनात्मक शस्त्रक्रिया म्हणून ओळखली जाते. वस्तीतून घरे हटवल्यास तेथील गरीब कुटुंबे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या मोहल्ल्यात गर्दी करतात. त्यामुळे तेथील भाडी वाढतात आणि दाटी व रोगराई केवळ जागा बदलते, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. म्हणून नकाशावर पट्टी ठेवून रस्ता आखण्याऐवजी ते प्रत्येक गल्लीतून पायी फिरत. राहण्याजोगी घरे, पडकी घरे, मोकळ्या जागा, विहिरी, देवळे आणि झाडे यांची ते नोंद घेत. मग ओसाड व मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढून लहान लहान चौक मोकळे करावेत, ते गल्ल्यांनी जोडावेत, त्यांत झाडे लावावीत आणि चांगली घरे तशीच राखावीत, असे ते सुचवीत. तंजावरमधील एका वस्तीबाबत त्यांनी नगरपालिकेच्या रस्तारुंदीकरणाच्या योजनेशी तुलना करून, हे काम बऱ्याच कमी खर्चात आणि बहुतेक घरे वाचवून होऊ शकते, हे दाखवून दिले.

रस्त्यांसंबंधीही त्यांचा दृष्टिकोन वेगळा होता. गाड्यांच्या रहदारीसाठी मुख्य रस्ते हवेत, हे त्यांना मान्य होते. मात्र घरांपुढील प्रत्येक गल्ली रहदारीचा रस्ता करणे त्यांना अनावश्यक वाटे. उष्ण प्रदेशात अरुंद गल्लीत सावली मिळते, तर रुंद रस्त्यावर ऊन आणि धूळ वाढते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. डासांच्या भीतीने शहरातील तलाव बुजवण्यासही त्यांचा विरोध होता. तलाव स्वच्छ करून त्यांत मासे व बदके सोडावीत, असे त्यांचे मत होते. भुयारी गटारांच्या खर्चिक योजनांऐवजी मैल्याचा उपयोग शेती व बागांसाठी करावा, असाही त्यांचा आग्रह होता.

इंदूर

इंदूरच्या होळकर संस्थानासाठी त्यांनी तयार केलेला अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात नद्यांची स्वच्छता, जुन्या मोहल्ल्यांची सुधारणा, गिरणी कामगारांची घरे, नव्या वसाहती आणि विद्यापीठ यांचा एकत्रित विचार आहे. भारतातील त्यांच्या अहवालांमध्ये हा सर्वांत मोठा मानला जातो.

त्यांनी सांगितलेल्या आणि चरित्रकारांनी नोंदवलेल्या हकिकतीनुसार, इंदुरात प्लेगची साथ असताना दिवाळीच्या सुमारास त्यांनी एक मिरवणूक काढली. मिरवणुकीचा मार्ग आधी ठरवलेला नव्हता. ज्या भागातील घरे व गल्ल्या अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील, त्या भागातून ती जाईल, असे जाहीर करण्यात आले. त्यामुळे मोहल्ल्यामोहल्ल्यांत साफसफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत शहरातील सफाई कामगारांना स्वच्छ पोशाखात मानाचे स्थान देण्यात आले. अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमाही मिरवण्यात आल्या आणि अखेरीस राक्षसाचे दहन झाले. लोकांच्या सहभागाशिवाय शहर सुधारत नाही, या त्यांच्या मताचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो.

१९१७ हे वर्ष गेडेस यांच्यासाठी अत्यंत दुःखाचे ठरले. थोरला मुलगा ॲलस्डेअर एप्रिल महिन्यात फ्रान्समधील युद्धआघाडीवर मारला गेला. त्या वेळी ॲना भारतात आजारी होत्या. त्यांना धक्का बसू नये म्हणून गेडेस यांनी ही बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली. काही आठवड्यांतच ॲना यांचेही निधन झाले. मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांना अखेरपर्यंत कळली नाही.

मुंबई विद्यापीठ

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला आणि गेडेस यांची प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. भारतातील समाजशास्त्राच्या विद्यापीठीय अध्यापनात या विभागाला महत्त्वाचे स्थान आहे. मूळचे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी गेडेस यांची व्याख्याने ऐकली होती. त्यांच्या शिफारशीने घुर्ये उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी या विभागाची सूत्रे हाती घेतली आणि पुढे भारतीय समाजशास्त्राचे एक आधारस्तंभ म्हणून ते ओळखले गेले.

जगदीशचंद्र बोस आणि रवींद्रनाथ टागोर यांच्याशी गेडेस यांचा स्नेह होता. त्यांनी लिहिलेले बोस यांचे चरित्र १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. भगिनी निवेदिता यांच्याशीही त्यांचा परिचय होता.

अखेरची वर्षे

प्रकृतीच्या कारणाने गेडेस यांनी भारत सोडला आणि १९२४ पासून ते दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे राहू लागले. तेथे त्यांनी स्कॉट्स कॉलेज ही निवासी शिक्षणसंस्था उभारण्याचे काम हाती घेतले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा तयार केला. त्यात रहदारीचे मुख्य रस्ते आणि घरांकडे जाणारे लहान रस्ते वेगळे राखले होते. मुख्य रस्त्यांमधील प्रत्येक मोठ्या निवासी गटाच्या आत लहान बागेसाठी जागा होती. भारतातील मोहल्ल्यांत जुने वाचवताना वापरलेली तत्त्वे त्यांनी येथे नवे शहर वसवताना वापरली. या आराखड्यानुसार वाढलेल्या भागाचा समावेश २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला.

१९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

गेडेस यांच्या भारतातील बहुतेक शिफारशी पूर्णपणे अमलात आल्या नाहीत. गल्लीगल्लीची पाहणी करण्यास लागणारा वेळ आणि चिकाटी नगरपालिकांकडे नव्हती. सरळ रस्त्याचा आराखडा कागदावर काढणे व मंजूर करून घेणे तुलनेने सोपे होते. स्थानिक अभियंत्यांवरील त्यांच्या उघड टीकेमुळे अधिकारीवर्गात नाराजीही निर्माण झाली. त्यांचे लेखन विस्कळीत व समजण्यास कठीण असल्याचा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला आहे. वसाहतवादी शासन आणि संस्थानिक यांच्या आश्रयाने काम करत असल्याने सत्तेच्या प्रश्नाकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, अशीही टीका झाली आहे.

तरीही त्यांच्या विचारांचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. अमेरिकन लेखक लुइस ममफर्ड त्यांना आपले गुरू मानत. जॅकलिन टिर्व्हिट यांनी संपादित केलेले त्यांच्या भारतीय अहवालांतील निवडक उतारे १९४७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर हे काम नव्या पिढीतील नगररचनाकारांपर्यंत पोहोचले. आराखड्यापूर्वी पाहणी हे तत्त्व आज नगररचनेच्या अभ्यासक्रमांचा भाग आहे. झोपडपट्टी पुनर्विकास, जुन्या वाड्यांचे जतन आणि रस्तारुंदीकरण यांवरील चर्चेतही, हटवलेली माणसे कोठे जाणार, हा त्यांनी विचारलेला प्रश्न कायम आहे.