सुरुंग आणि सेनापती

मुदखेडजवळच्या आमच्या शेतात विहीर खोदताना काळा खडक लागला आणि बार उडवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आम्ही मुले लांब बांधावर उभी राहत असू. आधी धुरळा उडताना दिसे, मग आवाज येई. एके दिवशी ढिगाऱ्यात न फुटलेली एक क्याप राहून गेली. काकांनी ती उचलली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून नाहीत.

गेल्या दिवाळीत धाकट्या भावाने विचारले की, चुलीतले लाकूड फुटत नाही, मग सुरुंगच का फुटतो? मी पडलो कला शाखेचा विद्यार्थी. तरी सुचले तसे सांगितले. लाकडाला जळण्यासाठी बाहेरची हवा लागते. ती हळूहळू मिळते म्हणून ओंडका रात्रभर धुमसतो. सुरुंगाच्या दारूत कोळसा आणि गंधक यांच्या जोडीला सोरा असतो, आणि सोऱ्याच्या पोटातच प्राणवायू असतो. त्यामुळे दारूला हवेची वाट पाहावी लागत नाही. क्षणार्धात तिचा तप्त वायू होतो आणि त्याला मूळच्या शेकडो पट जागा लागते. मोकळ्यावर तो नुसता भुस्सकन पसरतो. खडकाच्या छिद्रात वरून माती ठासलेली असली की त्याला वाट उरत नाही. मग तो खडकच फोडतो. हवेला बसलेला धक्का म्हणजे आवाज. तो सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, प्रकाश त्याहून कितीतरी वेगाने. म्हणून धुरळा आधी दिसतो.

हे सांगता सांगता मला पांडुरंग महादेव बापट आठवले. 12 नोव्हेंबर 1880 रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेरला जन्मलेला हा हुशार विद्यार्थी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकला आणि शिष्यवृत्ती मिळवून 1904 मध्ये अभियांत्रिकीसाठी एडिंबरोला गेला. तिथे परकीय सत्तेविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांचा सहवास लाभला. मग बंगालचे हेमचंद्र दास यांच्यासह त्यांनी पॅरिस गाठले आणि रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती सांगणारी पुस्तिका मिळवली. तिची प्रत घेऊन 1908 मध्ये ते स्वदेशी परतले.

त्याच वर्षी 30 एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. तो किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी होता. मेल्या मात्र गाडीतल्या दोन निरपराध स्त्रिया. स्फोटाचे शास्त्र कुणाला ओळखत नाही, हे काकांच्या हाताकडे पाहून मला उमजले होते. इथे त्याची पुन्हा खात्री पटते. अलीपूर खटल्याच्या धरपकडीत बापट भूमिगत झाले आणि देशभर हिंडले. त्या भटकंतीत त्यांना दिसले की, आपल्यावर परक्यांचे राज्य आहे हेच असंख्य लोकांना ठाऊक नाही. लोकच जागे नसतील तर बॉम्बच्या आवाजाने काय साधणार? 1912 मध्ये त्यांना अटक झाली. 1915 पर्यंत ते मोकळे झाले, आणि पारनेरला येऊन हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागले.

पुढे 1921 मध्ये टाटांच्या मुळशी धरणाखाली शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या तेव्हा ते सत्याग्रहात उतरले. सेनापती हे नाव त्यांना तिथेच मिळाले. धरण थांबले नाही. या लढ्यापायी त्यांनी वारंवार तुरुंगवास भोगला आणि 1931 मध्ये ते सुटले. उतारवयातही संयुक्त महाराष्ट्र आणि गोवामुक्ती या दोन्ही चळवळींत ते होते. 28 नोव्हेंबर 1967 रोजी त्यांचे निधन झाले.

शस्त्रावरचा त्यांचा विश्वास पुरता मावळला होता, असे मी म्हणणार नाही. मुळशीच्या अखेरच्या दिवसांत त्यांनी शांततेची मर्यादा ओलांडलीच. तरीही मला मोठे वाटतात ते झाडू धरणारे बापट. पुस्तिका आणायला धाडस लागले. आपल्याच गावात, ओळखीच्या डोळ्यांसमोर रस्ता झाडायला त्याहून जास्त लागले असेल.

आमच्या विहिरीला पुढे पाणी लागले. काका आजही उरलेल्या तीन बोटांनी मोटार चालू करतात. भावाला मी स्फोटाचे शास्त्र सांगितले, आणि मग काकांचा हात दाखवला. दुसऱ्या दिवशी अंगणातले फटाक्यांचे कागद त्याने कुणी न सांगता झाडून काढले.