तुकोबांचे डोंगरावरचे दिवस

आजच्या वाचनात तुकोबारायांचा तो अभंग आला, ज्यात ते स्वतःची हकीकत सांगतात. कीर्तनात हा अभंग निघाला की बुवा दुष्काळावरून पटकन वैराग्यावर येतात. मला आज मधल्या दिवसांपाशीच थांबायचंय.

देहूचं हे घर खाऊनपिऊन सुखी. वडील बोल्होबा, आई कनकाई, महाजनकी, वाण्याचं दुकान, सावकारी. सतराअठराव्या वर्षी आईवडील गेले. थोरल्या सावजीची बायको वारली आणि तो तीर्थयात्रेला निघून गेला. सगळा भार तुकोबांवर आला. त्यातच १६३० च्या सुमारास तो भयंकर दुष्काळ पडला. आपल्या चौसाळ्याकडे दुष्काळ काय असतो ते कुणाला सांगायला नको. पण तेव्हा ना टँकर, ना छावणी, ना रेशन. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतोबाही गेला. गुरं मेली, धंदा बसला, दिवाळं निघालं. अभंगात ते पैशाबरोबर मानही गेल्याचं सांगतात, आणि लाज वाटली हेही लपवत नाहीत. वय विशीच्या आसपास.

मग ते घर सोडून भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. त्यांना डिप्रेशन होतं असं मी म्हणत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपण काय तपासणार? पण जगणं नकोसं होणं, माणसांत नको वाटणं, हे ज्यानं भोगलंय त्याला ते दिवस ओळखीचे वाटतील. याला नुसतं वैराग्य म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत डोंगरावर गेला. परंपरा सांगते की त्यानं त्यांना खाली आणलं आणि दोघं इंद्रायणीकाठी बसले. लोकांकडून येणं असलेल्या पैशाची खतं काढली आणि निम्मी वाटून घेतली. कान्होबानं स्वतःचा हिस्सा ठेवला, कारण संसार चालवायचा होता. तुकोबांनी आपला हिस्सा नदीत सोडला. दुष्काळात पिचलेल्या कितीतरी कुळांची कर्जं त्या पाण्यात गेली.

पुढे ते भंडाऱ्याच्या डोंगरावर बसायचे, आणि धाकटी पत्नी जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढायची. आपण तिला कजाग ठरवून हसतो. घरात दाणा नाही, पोरं लहान, नवरा डोंगरावर, तरी ती उन्हातान्हात जेवण पोचवतेय. तिची चिडचिड मला तरी चुकीची वाटत नाही.

आणखी एक गोष्ट अभंगातच आहे, फार कुणी बोलत नाही. विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते त्यांनी हातानं दुरुस्त केलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं, पण सुरुवातीला अभ्यासात मन लागत नव्हतं. म्हणून संतांची थोडी वचनं पाठ केली आणि पुढं गाणाऱ्यांच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं. पुढं उभं राहायची ताकद नसताना मागून नुसता सूर धरायचा, एवढंच. साडेचार हजारांच्या आसपास अभंगांची गाथा त्यानंतरची.

बरं, एकदा सावरले म्हणजे कायमचं संपलं असंही नाही. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हा परत सगळं कोसळलं. तेरा दिवस ते देवाच्या दारात धरणं धरून बसले.

वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा डोंगरावर बसलेलं असेल, तर घरातल्या कान्होबाला आज सांगा. घरात कुणी दिसत असेल, तर वाट बघू नका, वर जा. १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर हरिपाठाबरोबर त्याही घ्या, नामाला त्याची अडचण नाही.

उद्या नामदेवराय स्वप्नात आल्याचा अभंग घेऊ.

राम कृष्ण हरी.