हॅराल्ड हिर्शस्प्रुंग : तान्ह्या बाळांच्या व्यथेचा अभ्यासक

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा मुंबई-पुण्यात काय, बालरोगशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक अवघड परदेशी नाव लक्षात ठेवावे लागते. ते नाव म्हणजे हिर्शस्प्रुंग. जन्मापासूनच्या चिवट बद्धकोष्ठाच्या एका आजाराला ते दिलेले आहे. या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांचा जन्म १४ डिसेंबर १८३० रोजी डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा मोठा कारखाना होता. धाकटे बंधू हाइन्रिश त्या व्यवसायात शिरले आणि पुढे चित्रसंग्राहक म्हणून नावारूपाला आले. हॅराल्ड यांनी वैद्यक निवडले. अन्ननलिका आणि लहान आतडे यांतील जन्मजात अडथळ्यांवर प्रबंध लिहून १८६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. बालकांच्या पचनमार्गातील व्यंगे हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय ठरला.

१८७० मध्ये ते कोपनहेगनच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १८७९ मध्ये उघडलेल्या राणी लुईझ बालरुग्णालयाची धुराही त्यांच्याकडेच आली. प्रत्येक खाटेवर बायबलमधील वचने लावावीत, अशी राणीची इच्छा होती; हिर्शस्प्रुंग यांनी प्राण्यांच्या चित्रांचा आग्रह धरला, असे सांगितले जाते. वक्तृत्व हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांची व्याख्याने रविवारी सकाळी असत आणि श्रोते मोजकेच. त्यांचे सामर्थ्य होते ते रुग्णाच्या खाटेजवळच्या बारकाईच्या निरीक्षणात आणि नेमक्या नोंदींत.

१८८६ मध्ये बर्लिन येथील बालरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी दोन बालकांची हकीकत मांडली. दोघांनाही जन्मापासून बद्धकोष्ठ होते आणि वर्ष पुरे होण्याआधीच दोघेही दगावले होते. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले आणि जाड झालेले आढळले. फुगलेला हा भागच जन्मतः सदोष असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हा निष्कर्ष चुकीचा होता. खरा दोष फुगलेल्या भागात नसून त्याच्या खालच्या, वरकरणी साध्या दिसणाऱ्या भागात असतो. तेथे आतड्याची हालचाल घडवून आणणाऱ्या चेतापेशीच नसतात. तो भाग सैल पडत नाही, मल पुढे सरकत नाही आणि वरचे आतडे तुंबून फुगत जाते. हे कोडे पूर्णपणे उलगडण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले. १९४८ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद ऑर्व्हार स्वेन्सन यांनी सदोष भाग काढून निरोगी आतडे गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हिर्शस्प्रुंग यांचा तर्क चुकला, पण त्यांनी केलेली नोंद कामी आली. आजारपणामुळे १९०४ मध्ये ते निवृत्त झाले आणि ११ एप्रिल १९१६ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या नावाच्या रोगातून बरे झालेले मूल त्यांना पाहायला मिळाले नाही.

साधारणपणे ५,००० बालकांमागे एकाला हा विकार असतो. मुलांचे बद्धकोष्ठ बहुतेक वेळा आहार व सवयी यांच्याशी निगडित असते, हे खरे. परंतु जन्मानंतर ४८ तासांत बाळाला काळपट हिरवी, चिकट अशी पहिली शी झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर एरंडेल, बाळगुटी किंवा विड्याच्या पानाचा देठ यांवर विसंबून चालत नाही. गुदद्वार बंद वा अरुंद असणे हेही कारण असू शकते. उशीर झाल्यास आतड्याला घातक जंतुसंसर्ग होतो.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. कित्येक तान्ही बाळे फडाशेजारच्या कोपीत वाढतात. तेथे बाळाची पहिली शी केव्हा झाली, हे कोण लिहून ठेवणार? हिर्शस्प्रुंग यांनी त्या दोन बालकांची नोंद ठेवली, म्हणून पुढच्या पिढ्यांतील असंख्य मुले वाचली. जन्मानंतरच्या दोन दिवसांतील ही एवढीशी नोंद आईने, आशाताईने किंवा परिचारिकेने ठेवली, तर तीही एखाद्या बाळाचा जीव वाचवू शकेल.