फ्लेचर वेकला पोचला असता तर?

अमेरिकन अ‍ॅडमिरल फ्रँक जॅक फ्लेचर, जन्म १८८५. १९१४ साली व्हेराक्रूझच्या कारवाईत त्याने 'मेडल ऑफ ऑनर' मिळवले, म्हणजे माणूस भित्रा नक्कीच नव्हता. पण वेक बेटामुळे त्याच्या नावाला डाग लागला तो लागलाच.

डिसेंबर १९४१. पॅसिफिकमधल्या या एवढ्याशा बेटावर मूठभर मरीन जपान्यांशी झुंजत होते. मदतीला फ्लेचर 'साराटोगा' ही विमानवाहू नौका घेऊन निघाला, तिच्यावर बेटासाठी बफेलो लढाऊ विमाने. सोबतचे तेलवाहू जहाज रडतखडत चालणारे, वर वाटेत इंधन भरण्यात वेळ गेला. शेकडो मैल बाकी असतानाच पर्ल हार्बरहून परत फिरण्याचा हुकूम आला. २३ डिसेंबरला वेक पडले.

समजा, हुकूम मोडून त्याने विमाने पाठवली असती तर? कागदावर मस्त वाटतं. पण तिथे जपानच्या 'हिर्यू' आणि 'सोर्यू' अशा दोन नौका हजर होत्या आणि हा एकटा! शिवाय बफेलोंची हीच तुकडी मग मिडवे बेटावर उतरवली गेली. तिथे जून १९४२ मध्ये झिरो विमानांनी तिचा पार फडशा पाडला. माझ्या मते वेक फार तर दोन-चार दिवस जास्त तगलं असतं, आणि बहुधा साराटोगा गेली असती.

मिडवेच्या त्याच लढाईत फ्लेचर वरिष्ठ सेनानी होता. जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, त्यात हिर्यू-सोर्यूसुद्धा. श्रेय मात्र जास्त करून स्प्रुअन्सला मिळालं. फ्लेचर १९७३ साली वारला.