ओझे वाहणाऱ्या बाईची शाळा

घरात भगवान बुद्धांची प्रतिमा लावली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, की आपली दीक्षा पूर्ण झाली असे आपण समजतो. पण धानाची रोवणी लागली की आमच्या गोंदियाकडच्या खेड्यांत लहान भावंडाला सांभाळायला शाळेतून मुलीलाच घरी ठेवतात. अशा घरातील आईबापांनी जाईबाई चौधरी यांचे जीवन जाणून घ्यावे.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडला, महार कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळात आईवडील पोटासाठी नागपुरास आले. १९०१ मध्ये, अवघ्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न बापूजी चौधरी यांच्याशी झाले. संसाराला हातभार लावण्यासाठी त्यांनी हमाली केली, डोक्यावर ओझी वाहिली. पुढे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिकवले आणि मिशनच्या शाळेत दरमहा ४ रुपये पगारावर शिक्षिका केले. पण मास्तरीण महार आहे हे कळताच सवर्णांनी आपली मुले शाळेत पाठविण्याचे बंद केले. जाईबाईंची नोकरी गेली.

विद्या मात्र त्यांच्याजवळच राहिली. १९२२ साली त्यांनी नागपुरात आपल्या समाजातील मुलींसाठी संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. आज शाळेच्या या नावाने आपण बौद्ध लोक थोडे थबकू. पण तेव्हा धर्मांतराला ३४ वर्षे अवकाश होता. त्या काळी आपला म्हणावा असा संत समाजाला तोच ठाऊक होता. महत्त्व नावाचे नाही, आत पाटी घेऊन बसलेल्या मुलींचे आहे.

१९३७ मध्ये नागपूरला अखिल भारतीय महिला परिषद भरली. तेथे जाईबाईंना जेवणाच्या वेळी वेगळे बसवून त्यांचा अपमान करण्यात आला. ज्या बायका स्त्रियांचे हक्क मागत होत्या, त्यांच्याच पंगतीत हे घडले. नागपूरच्या अस्पृश्य स्त्रियांनी ते मुकाट्याने गिळले नाही. सभा भरवून त्यांनी या वागणुकीचा निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ रोजी त्याच नागपुरात दलित महिलांची स्वतंत्र परिषद झाली. हजारो स्त्रिया जमल्या, पूज्य बाबासाहेबांनी त्यांना मार्गदर्शन केले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोक उभे राहिले, त्यांत आपल्या आयाबहिणी मागे नव्हत्या. ती हिंमत एका दिवसात आलेली नाही. जाईबाईंसारख्या मातांनी ती वर्षानुवर्षे पाटीवर गिरवून घेतली होती.

माता-भगिनींनो, यंदाच्या रोवणीत मुलीचे दप्तर खुंटीला टांगू नका. जाईबाईंना तेच खरे अभिवादन ठरेल.