खाशाबा जाधव : गावाच्या वर्गणीवर हेलसिंकीला गेलेला पैलवान

तालीम हा शब्द आपल्या घरांत दोन वाटांनी येतो. वडीलधारी मंडळी उर्दूत तालीम म्हणतात तेव्हा त्यांना शिक्षण म्हणायचं असतं. आणि कऱ्हाड-पाटण भागातल्या कुठल्याही गावात पोरगा तालमीत गेलाय म्हटलं, की तो लाल मातीत अंग घुसळायला गेलाय हे न सांगता कळतं. शब्द एकच, अरबीतून आलेला; शिकवणं हा त्याचा मूळ अर्थ. मातीतला वस्ताद म्हणजे उस्तादच, आणि कुस्तीचा हौदाही हौदातूनच आलाय. शाळा वेगळी, मैदान वेगळं, ही वाटणी आपण नंतर केली.

कोयनेच्या खोऱ्यात शाळा सुधारायची, पोरांना खेळायला जागा हवी, असा विषय निघाला की आम्हाला खाशाबा जाधव आठवतात. कोयनानगरहून निघालेलं पाणी पाटणवरून कऱ्हाडला येतं आणि कृष्णेला मिळतं. त्या कऱ्हाडला अगदी लागून गोळेश्वर हे गाव. खाशाबा तिथले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा माणूस आपल्याच नदीकाठचा, हे आपल्या मुलांना माहीत असतं. तो तिथवर पोचला कसा, कुणाच्या पैशावर पोचला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांत सगळ्यांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, आणि पोरगा पाच वर्षांचा झाल्याबरोबर त्यांनी त्याला मातीत उतरवलं. अंगापिंडाने खाशाबा लहानखुरेच. पण चपळाई विलक्षण, आणि समोरचा जोर लावू लागला की त्याचाच जोर त्याच्यावर उलटवायची अक्कल होती.

गावची तालीम म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगायला हवं. चार भिंती, वर कौलं, मध्ये खोल हौदा आणि त्यात चाळून घेतलेली लाल माती. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवावी लागते, नाहीतर अंग सोलून निघतं. माती कुणाच्या तरी गाडीतून येते, तेल कुणीतरी देतं, ताक घरोघरचं. छप्पर गळायला लागलं की गाव बसतं आणि ठरवतं कुणी काय द्यायचं. यासाठी कुठला अर्ज नाही की मंजुरी नाही. कुणाचं पोरगं तालमीत येतंय हे बघून वर्गणी मागत नाहीत; ज्याच्या घरात पैलवान नाही तोही देतो. मोहरमला आणि गणपतीला जशी गावाची मिळून वर्गणी व्हायची, तशीच हीही.

या मुलखात ही रीत जुनी आहे. कऱ्हाडजवळच्या काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि पुढे घरोघरच्या मूठमूठ धान्यावर पोरांची वसतिगृहं चालवली. ज्या गावाला शाळा हवी त्या गावाने जागा द्यावी, अंगमेहनत करावी, असा तो हिशोब होता. खाशाबा अशा वातावरणात वाढले.

१९४० ते १९४७ या काळात ते कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले. शाळा आणि तालीम दोन्ही एकदमच. मधे १९४२ ची चळवळ आली. सातारा जिल्हा तेव्हा पेटलेला होता, आणि भूमिगतांना आसरा देणं, त्यांचे निरोप पोचवणं ही कामं खाशाबांनीही केली. मग शिक्षणासाठी कोल्हापूर गाठलं.

कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचं गाव. महाराज जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण त्यांनी मांडलेलं सगळं उभं होतं. एकीकडे जातीजातीच्या मुलांसाठी बोर्डिंगं, त्यातलं एक आपलं मुस्लिम बोर्डिंग. दुसरीकडे १९१२ साली बांधलेलं खासबागेचं कुस्ती मैदान. शिकायला आलेल्या गरीब पोराला राहायला जागा हवी आणि घाम गाळायलाही जागा हवी, हे त्या राजाला एकाच वेळी सुचलं होतं. खाशाबांना तिथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे वस्ताद मिळाले.

राजाराम कॉलेजात मात्र सुरुवात चांगली झाली नाही. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत खेळायचं म्हणून नाव द्यायला गेले, तर अंगकाठी बघून खेळाच्या शिक्षकांनी नकार दिला. खाशाबा गप्प बसून परत आले नाहीत. थेट प्राचार्यांकडे गेले, त्यांची परवानगी मिळवली आणि आपल्याहून दांडग्या गड्यांना चीत केलं. आपली बाजू नीट मांडायची ही सवय त्यांना पुढे पुन्हा एकदा कामी आली.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गादीवर कुस्ती होती. गावच्या मातीत पाय रुततो, गादीवर तो घसरतो. शिवाय आंतरराष्ट्रीय नियम नवीनच. खाशाबा गादीवर याआधी कधी खेळलेच नव्हते. तरी फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून हार पत्करली. सहावा क्रमांक आला.  परत आल्यावर वजन वाढवलं, वरच्या गटात गेले आणि चार वर्षं तयारी केली.

१९५२ ला हेलसिंकीची निवड मद्रासला होती. तिथे पंचांच्या निर्णयात ते एका गुणाने मागे राहिले आणि नाव गळालं. निर्णय योग्य नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे जाणकार. त्यांनी निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लावायला सांगितली. खाशाबांनी ती जिंकली आणि संघात जागा मिळाली.

आता पैशाचा प्रश्न. संस्थान विलीन झालेलं होतं, राजाश्रय संपलेला. मुंबई सरकारकडे मदत मागितली तेव्हा स्पर्धा झाल्यावर भेटा असं उत्तर मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडून मिळालं, असं सांगतात. पुढे बऱ्याच खटपटीनंतर सरकारकडून ४,००० रुपये आले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आणि उरलेलं गोळेश्वरने, कऱ्हाडने, ओळखीच्या-अनोळखी माणसांनी भरलं. दुकानदारांनी दिलं, शेतकऱ्यांनी दिलं. खाशाबा आणि त्यांची माणसं दारोदार फिरली, कुठे जायचंय आणि का, हे समजावून सांगितलं. फिनलंड हा देश नकाशावर कुठे आहे हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल? पण पोरगा कुठल्या तालमीतला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीसमोर हरले. सुवर्ण पुढे इशीलाच मिळालं. सोव्हिएत संघाकडून खेळणारा अझरबैजानी मल्ल रशीद मम्मदबेयोव्ह याच्याशी झालेल्या कुस्तीची हकीकत मात्र चटका लावणारी आहे. दोन कुस्त्यांच्या मधे अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. खाशाबांना ती न देताच पुन्हा गादीवर बोलावलं गेलं, आणि त्यांच्या बाजूने हे सांगायला भारतीय पथकाचा कुणी अधिकारी तिथे हजरच नव्हता. थकलेल्या अंगाने खेळले आणि हरले. ज्यांनी पैसे दिले ते हजारो मैलांवर, आणि ज्यांचं काम होतं ते जागेवर नाहीत. तरीही कांस्यपदक मिळालं, २३ जुलै १९५२ ला. त्यांच्याच भागातले केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले, त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. माणगावेंचं नाव आज कुणी घेत नाही.

परत आल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून मिरवणूक निघाली. शंभरावर बैलगाड्या, ढोल, लेझीम, फटाके. एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. ही गोष्ट प्रत्येक लेखात असते, आणि ती सुंदरच आहे. आम्हाला त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः उतरले, जिंकले, आणि त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. मिरवणुकीचे फोटो निघाले. कर्ज फेडल्याचा फोटो कोण काढणार.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगता येतं, आणि ते सांगताना वाईट वाटतं. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पोरांना कुस्ती शिकवली. बढतीसाठी मात्र वर्षानुवर्षं थांबावं लागलं. २७ वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठीही हेलपाटे घालावे लागले. गोळेश्वरातल्या घराला नाव ऑलिम्पिक निवास. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावायचा मान मिळाला, आणि १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. वैयक्तिक खेळातलं पुढचं पदक भारताला १९९६ साली मिळालं, टेनिसमध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं २००८ ला. पद्म पुरस्कार खाशाबांच्या हयातीत मिळाला नाही.

त्यांच्या गावी त्यांच्या नावाचं कुस्ती संकुल व्हावं ही मागणी जुनी. २००९ साली जळगावच्या एका कुस्ती स्पर्धेत तत्कालीन क्रीडामंत्र्यांनी तशी घोषणा केली. २०१३ च्या डिसेंबरात त्यासाठी दीड कोटीहून थोडी जास्त रक्कम मंजूर झाली. आणि २०१७ साली कुटुंबीयांवर वेळ आली ती पदकाचा लिलाव करून पैसे उभे करू असं जाहीर करण्याची. १९५२ मध्ये काही आठवड्यांत दारोदार फिरून जे जमलं, ते आठ वर्षांत मंत्रालयातून गोळेश्वरपर्यंत पोचलं नाही. गावाने दिलं तेव्हा देणाऱ्याला विचारता येत होतं, की बाबा, माझ्या पाच रुपयांचं काय झालं. घोषणेला असं कोण विचारणार?

विचारायची जागा कायद्याने मात्र ठेवलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान असावं असं लिहिलंय. जिल्हा परिषदेची शाळा मराठी असो की उर्दू, तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. शाळा विकास आराखडा तयार करणं हे तिचं काम. मैदानाला जागा कुठली, मुलींना खेळायला वेळ कुठली, हौदा करायचा की कबड्डीचं मैदान आखायचं, हे त्या बैठकीत ठरवता येतं. बहुतेक ठिकाणी पालक बैठकीला जातच नाहीत, सही घरी येते. आपल्या मोहल्ल्यातही हेच चित्र आहे, त्यात आडपडदा कशाला.

खाशाबांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा २०२४ पासून महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर अकरा दिवसांनी, २६ जानेवारीला, गावोगावी ग्रामसभा असते. शाळेच्या मैदानाचा विषय त्या सभेत घ्यायचा असेल तर लेखी अर्ज ग्रामपंचायतीत आधीच द्या आणि पोच घ्या. अर्जावर सह्या एकाच गल्लीच्या नकोत. सगळ्या वाड्यावस्त्यांच्या, आयाबायांच्याही घ्या.