मुलांचे डॉक्टर : सर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल



संधिवात म्हटलं की आपल्याला आजी-आजोबांचे गुडघे आठवतात. पण हा आजार दोन-तीन वर्षांच्या मुलालाही होऊ शकतो. मुलांमधला संधिवात मोठ्यांपेक्षा वेगळा असतो, हे लंडनमध्ये ज्यांनी दाखवून दिलं त्या डॉ. स्टिल यांची ही थोडक्यात ओळख.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील कस्टम्स खात्यात होते, पण ते लवकर वारले. स्टिल केंब्रिजला आधी ग्रीक आणि लॅटिन शिकले, मग गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यकशास्त्र. पुढे ते ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये रुजू झाले.

१८९६ साली, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, त्यांनी सांधे सुजलेल्या २२ मुलांवर एक निबंध वाचला. तो १८९७ मध्ये छापून आला. असे रुग्ण त्याआधी फ्रान्समध्येही नोंदले गेले होते, पण सगळ्यांना मोठ्यांच्याच संधिवाताचं लेबल लागत असे. स्टिल यांनी प्रत्येक मूल बारकाईने तपासलं. काही मुलांना सांधेदुखीबरोबर ताप होता, गाठी आणि प्लीहा वाढलेली होती, वाढ खुंटली होती. बहुतेकांचा आजार दुधाचे दात पडण्याआधीच सुरू झाला होता. हा वेगळा आजार आहे आणि मुलांच्या संधिवातात एकाहून जास्त प्रकार असावेत, असं त्यांनी मांडलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, दोन वेगळ्या बग्सना एकच नंबर दिला तर दोन्ही सुटत नाहीत!

१९०६ साली ते किंग्ज कॉलेजमध्ये बालरोगाचे प्राध्यापक झाले, इंग्लंडमधले पहिलेच. १९२८ मध्ये ब्रिटिश पीडियाट्रिक असोसिएशनचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९३७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. लग्न केलं नाही. आयुष्य इतरांच्या मुलांसाठी दिलं. २८ जून १९४१ रोजी त्यांचं निधन झालं.

हा आजार ताब्यात ठेवणारं खात्रीचं औषध त्यांच्या हयातीत आलं नाही. १९४८ साली मोठ्यांच्या संधिवातावर प्रथम कॉर्टिझोन वापरलं गेलं. मेथोट्रेक्सेटचा मुलांना उपयोग होतो हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. हे औषध ज्या अमेरिकन प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव! १९९९ पासून बायोलॉजिक औषधंही मिळू लागली. तापासह येणाऱ्या प्रकाराला आजही स्टिल यांचं नाव जोडलं जातं.

आता थोडं आपल्या घरातलं. मूल सकाळी उठल्यावर लंगडत असेल, सांधा आखडलेला किंवा सुजलेला असेल आणि हे काही आठवडे टिकलं, तर वाढत्या वयाचं दुखणं म्हणून तेल लावून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. निदान झाल्यावर डोळ्यांची नियमित तपासणीही चुकवू नका, कारण काही मुलांमध्ये डोळ्यांच्या आत सूज येते आणि डोळा लाल होत नाही की दुखतही नाही. उपचार वेळेवर सुरू झाले, तर आज यातली बरीच मुलं शाळेत इतरांसारखीच धावतात-खेळतात. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, हे स्टिल यांनी दाखवलं. ते आपण पालकांनीही लक्षात ठेवूया.